हिरडी बघणारे अप्पा

मडिवाळप्पांना माणूस भेटला की ते आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे, डोळ्यांकडे नंतर. कारखान्याच्या गेटात नवा कामगार आला की दोन्ही हात जोडून "शरणु शरणार्थी" म्हणायचे, नाव-गाव विचारायचे, कुणाचा कोण ते काढायचे, आणि त्याला काही कळायच्या आत अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ ओढून हिरडी बघायचे. बाजारात बैल घेणारा बघतो तसं. नवा माणूस भांबावायचा. एखादा हात झटकायचा. "थांब रे, चावत न्हाई मी," असं म्हणत अप्पा बघायचं ते बघूनच सोडायचे.

हिरडी दाताला जिथं भिडते तिथं निळसर काळी बारीक रेघ आहे का, एवढंच त्यांना बघायचं असायचं. शिसं अंगात साठलं की ती रेघ उठते, हे त्यांना कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं शिकवलं होतं. कंपाउंडर गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, तेव्हा हे खातं अप्पांनी आपल्याकडे घेतलं. पगार भट्टीवरच्या माणसाचा, काम डॉक्टरचं.

माझीही हिरडी त्यांनी पहिल्याच दिवशी बघितली. मी टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो होतो, इस्त्रीचा शर्ट होता, आणि गेटावर दहा माणसांसमोर या माणसानं माझ्या तोंडात अंगठा घातला. "साफ हाय," ते म्हणाले. "पंख्याखाली बसायचं काम तुमचं. आशीच ऱ्हाऊ द्या." ती तशीच राहिली. अजूनही साफ आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही.

कारखाना बिदरपासून बसनं तासाभरावर. जुन्या बॅटऱ्या यायच्या, त्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या विटा पाडायच्या. नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, पाटी दोनदा बदलली आहे. माणसं आजूबाजूच्या गावांतली. एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि हैदराबादी उर्दू बोलणारी. अप्पा हळ्ळीखेडचे. त्यांचं कामही ठरलेलं होतं: वितळलेल्या शिशावर जी मळी तरंगते ती लांब दांड्याच्या पळीनं काढायची. ती केव्हा काढायची हे रसाच्या रंगावरून कळायला लागतं. ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

मला ते 'मास्तर' म्हणायचे. माझे वडील औरादला प्राथमिक शिक्षक होते, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच काढून घेतलं. "त्येंनी पोरांची हजेरी घेतली, तुमी मोठ्यांची घ्यायलाव. मास्तरच की," ते म्हणाले. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. हातात पेन असलेल्या माणसाबद्दल त्यांना एक जुना आदर होता. तो आदर माझ्या फार उपयोगी पडला.

जेवणाच्या बाबतीत अप्पांइतका कडक माणूस मी पाहिला नाही. दुपारची सुट्टी झाली की बाकीचे हात पँटला पुसून डबा उघडत. अप्पा मात्र नळाखाली आंघोळ करायचे. थंडी असो, पाणी कमी असो, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आणि कोरडं धोतर नेसल्याशिवाय डब्याला हात नाही. मग भिंतीकडे तोंड करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, विभूती लावायची आणि मग भाकरी. सुट्टीतला अर्धा वेळ यातच जायचा. पोरं चिडवायची, "अप्पा, भाकरी वाळायलीय." ते पाठमोरेच राहायचे. कारखान्यात सुरक्षेच्या पाट्या होत्या, तीन भाषांत. त्या पाट्यांवर लिहिलेलं जसंच्या तसं पाळणारा हा एकच माणूस होता, आणि त्याला त्या पाट्या वाचून ते सुचलेलं नव्हतं.

पण त्यांच्या या कडक शिस्तीला एक भोक होतं. ते गुळाचं.

भट्टीजवळ पत्र्याच्या डब्यात गुळाची ढेप ठेवलेली असायची. गुळानं शिसं खाली उतरतं, पोटात राहत नाही, हे आमच्याकडे सगळे मानायचे आणि अप्पा सगळ्यांहून जास्त. दर दोन तासांनी ते हातमोजा काढायचे, काळ्या हातानं ढेपेचा खडा फोडायचे, आधी आपल्या तोंडात टाकायचे आणि मग एकेकाला वाटायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, भाकरीला आंघोळ लागते, मग गुळाला कशी लागत नाही?"

"गूळ म्हंजे जेवन हाय का? औषद हाय ते," अप्पा म्हणाले. "औषदाला कसला आलाय इटाळ?"

सगळे हसले, मीही हसलो. पुढं कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं की भट्टीजवळ बसून काय खायचात तुम्ही लोक, तेव्हा मला तो उघडा डबा आणि तो काळा अंगठा आठवला. शिसं घालवायचं म्हणून ते दिवसातून चार वेळा शिसं खात होते आणि खाऊ घालत होते.

तरी माणूस अडाणी नव्हता, हे सांगायला पाहिजे. जाफर म्हणून एक दांडगा कामगार होता, बॅटऱ्या फोडायचा. शांत माणूस. तो अचानक भांडखोर झाला. एकाची कॉलर धरली, एकदा स्वतःचा डबा भिंतीवर फेकला. मॅनेजर त्याला काढायच्या बेतात होता. अप्पा त्याला दंडाला धरून माझ्या टेबलापाशी घेऊन आले आणि त्याचा ओठ खाली ओढून म्हणाले, "बगा मास्तर. ह्यो भांडत न्हाई. शिसं भांडायलंय."

रेघ स्पष्ट होती. जाफर ओठ धरलेल्या अवस्थेतच म्हणाला, "पेट में बी मरोडा आताय, अप्पा, दो महिने से." अप्पांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडून उभं राहून, त्याचा तास-दीड तास खाऊन, जाफरला बाहेरच्या यार्डात काम मिळवून दिलं. दोन-तीन महिन्यांत माणूस ताळ्यावर आला. त्यानंतर अप्पांना कुणी चिडवेनासं झालं. नवा माणूस आला की बाकीचेच सांगायचे, तोंड उघड बाबा, तपासून घे.

दर सहा महिन्यांनी 'मेडिकल' यायची. म्हणजे बाहेरच्या एका लॅबची गाडी यायची, सिस्टर सगळ्यांचं रक्त काढायची, ऑफिसातल्या माणसांचंसुद्धा, आणि दहा-बारा दिवसांनी कागद यायचे. ज्याच्या रक्तात शिसं जास्त, त्याला ते उतरेपर्यंत भट्टीवरून हलवायचं असा नियम. बाकीचे मेडिकलला घाबरायचे, कारण हलवणं म्हणजे बहुतेक वेळा घरी बसवणंच. अप्पा घाबरायचे नाहीत. ते म्हणायचे, "कागूद वाईट आला की त्याच दिशी पळी खाली ठेवतो. दोन एकर हाय, सून हाय, नातू हाय. मला काय भट्टीसंगं लगीन लावायचंय?"

हे ते माझ्यासमोर म्हणाले होते. एकदा नाही, अनेकदा. त्यामुळे पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सिस्टर रक्त काढून नळी माझ्या हातात द्यायची आणि नाव लिहिलेलं स्टिकर तिच्यावर मी चिकटवायचो. हे माझं काम. त्या वर्षी मेडिकलच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. कारखान्याची परवानगी नव्यानं घ्यायची होती, तपासणी व्हायची होती, आणि भट्टी अप्पांशिवाय चालणार नव्हती. "म्हाताऱ्याचं जास्त येणार, हे तुलाही माहीत आहे," तो म्हणाला. "तुझं कमी येणार. तुझी नळी आणि त्याची नळी. दोन स्टिकर इकडची तिकडं. तुझा कागद आपण फायलीत लावणारच नाही. ऑफिसवाल्यांचं कोण बघतंय?"

त्यानं मला धमकी दिली नाही. मी कंत्राटावर होतो, आणि वर्षाअखेरीस काही लोकांना पर्मनंट करायचं आहे एवढंच तो बोलता बोलता म्हणाला. मी चहा पिऊन बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्टुलावर बसले, बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाले, "काडा अक्का, पाहिजे तेवढं काडा." त्यांची नळी माझ्या हातात आली तेव्हा ती गरम होती. मी तिच्यावर माझं नाव चिकटवलं. थोड्या वेळानं माझ्या नळीवर त्यांचं. स्टिकर थोडं तिरकं लागलं म्हणून मी ते काढून पुन्हा सरळ लावलं. इतका मी कामात नीटनेटका.

कागद आले. अप्पा सुट्टी झाल्याबरोबर आंघोळीच्याही आधी टाइम ऑफिसात आले. "काय मनतंय मास्तर, माझं रगत?"

"छान आहे अप्पा. अगदी कमी."

त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घडी करून विभूतीच्या पिशवीत ठेवला. मग भट्टीपाशी गेले. गुळाचा डबा उघडून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "बगा रे," ते म्हणाले, "चौदा वर्सं झाली मला ह्या भट्टीपाशी. रगत पंख्याखालच्या मानसासारखं. कशानं? ह्या गुळानं. नेमानं खावा." त्या दिवशी ज्यांना गुळाचा कंटाळा आला होता त्यांनीसुद्धा हात पुढं केले. जाफरनं दोन खडे घेतले. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो.

पंख्याखालच्या माणसासारखं. ते बरोबर बोलले होते.

दुसरा कागद माझ्या टेबलाच्या खणात पडला होता. माझं नाव, माझं वय, आणि आकडा मर्यादेच्या दुपटीच्या आसपास. तो फाडून टाकायचा सोडून मी खिशात घातला. का घातला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. संध्याकाळी बिदरला, मैलूर भागातल्या घरी आलो, पँट धुवायला टाकली आणि कागद माझ्या बायकोच्या हाती लागला. सुनंदा शाळेत शिकवते, तिला तो वाचता आला. ती रडायला लागली. मी म्हटलं, लॅबची चूक असेल. तिला ते पटेना. नोकरी सोडा म्हणाली. दोन आठवडे तिनं माझा चहा बंद केला, दूध दिलं, जेवताना माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मी एखादं नाव विसरलो तरी तिचा चेहरा उतरायचा. शेवटी तिच्या समाधानासाठी मी बिदरमध्ये दुसरीकडे रक्त तपासलं. ते अर्थातच स्वच्छ निघालं. तिनं देवाला नारळ फोडला आणि शेजारणीला सांगितलं की या लॅबवाल्यांवर अजिबात विश्वास ठेवू नये.

अप्पांच्या रक्तासाठी खरोखर रडलेलं माणूस एकच, माझी बायको. आणि तिलाही ते माहीत नव्हतं.

वर्षाअखेरीस मी पर्मनंट झालो. पुढच्या दोन्ही मेडिकलला मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलंसुद्धा नाही. तो गेटाजवळून जाताना नुसता माझ्याकडे बघून मान हलवायचा. तीनही खेपेचे माझ्या नावाचे कागद मी घरी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली ठेवले. आकडा दर खेपेला वाढत होता.

तिसऱ्या मेडिकलनंतर एका सोमवारी अप्पा सकाळीच ऑफिसात आले. दार लोटून घेतलं. असं ते कधी करत नसत.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "काल न्हाव्याकडं गेलतो. आरशात बगितलं. मला रेघ दिसायलीय." आणि त्यांनी स्वतःचा ओठ स्वतःच्या अंगठ्यानं खाली ओढून माझ्यासमोर धरला. "तुमी बगा बरं. माझी नजर आता तशी ऱ्हायली न्हाई."

मी खुर्चीवरून उठून बघितलं. पानानं रंगलेले दात होते, आणि त्यांच्या मुळाशी ती रेघ होती. जाफरची होती तशीच, जास्त जाड. तोपर्यंत हिरडी वाचायला मला अप्पांनीच शिकवलं होतं.

"पानाचा डाग असेल, अप्पा," मी म्हटलं. "कागद तर चांगला आलाय."

ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ओळखणार. पण त्यांनी ओठ सोडला आणि मान डोलावली. "व्हय. आसंल. कागूद खोटं कामून बोलंल?"

त्या दिवसापासून त्यांनी पान सोडलं. डाग जावा म्हणून. चाळीस वर्षांची सवय होती. पुढं कित्येक दिवस सवयीनं त्यांचा हात कंबरेच्या चंचीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

मी या गोष्टीचा विचार करतो तेव्हा बाकी सगळं कुणावर ना कुणावर ढकलता येतं. मॅनेजर होता, नियम होते, माझी नोकरी होती. हे एक वाक्य मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो आणि ते मला विचारत होते. मला लाज वाटते ती स्टिकरपेक्षा त्या डागाची.

पुढं अप्पांचा उजवा हात मनगटातून पडायला लागला. पहिल्यांदा ते कळलं नमस्कारात. "शरणु शरणार्थी" म्हणताना डावा तळवा सरळ उभा आणि उजवा त्याच्यावर कलंडलेला. पोरांनी विचारलं तर म्हणाले, रात्री हाताखाली घेऊन झोपलो आसंन. महिनाभरात पळी हातातून सुटली. नशिबानं कुणी भाजलं नाही. मॅनेजरनं छोटासा कार्यक्रम केला, शाल घातली आणि त्यांना घरी पाठवलं. त्या कार्यक्रमात दोन शब्द मी बोललो. चांगले बोललो, असं लोक म्हणाले.

अप्पांनी दवाखाना गाठला तेव्हा विभूतीच्या पिशवीतले तीन कागद डॉक्टरांपुढं ठेवले. शिसं नाही हे कागदच सांगत होते. मग मानेचा मणका असेल असं ठरलं. गळ्याला पट्टा आला, शेक आला, गोळ्या आल्या. चार महिने मानेवर उपचार चालले. हे मला कळत होतं, कारण हळ्ळीखेडची माणसं रोज गेटावर येतच होती. मी विचारायचो, "अप्पा कसे आहेत?" ते म्हणायचे, "मान न्हाई सुधारायली." मी म्हणायचो, "वेळ लागतो."

मग एका रविवारी सकाळी महादेवीचा फोन आला. महादेवी म्हणजे अप्पांची सून. तिनं त्यांना कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने कागद बाजूला ठेवले, ओठ खाली ओढून बघितला आणि पुन्हा रक्त काढलं. शिसं खूप निघालं. दाखल व्हा, औषध चालू करायचं, उशीर केला तर हात तर जाईलच, डोक्यावरही जाईल, असं सांगितलं.

"पन मामा ऐकंनात," महादेवी म्हणाली. "मनत्यात, ही मशीन खोटी हाय. मास्तरच्या कागदात न्हाई ते हितं कुठनं आलं? उठून घरी आलेत. तीन दिस झाले. त्येंना तुमचा लई भरवसा हाय, मास्तर. तुमी एकडाव येऊन सांगा. तुमचंच ऐकतील."

मी कपाट उघडून अल्बमखालचे कागद काढले. सुनंदा दारात उभी होती. तिला मी सगळं सांगितलं, पाच मिनिटं लागली असतील. तिनं तीनही कागद वाचले. मग ते घडीवर घडी घालून माझ्या हातात दिले आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती माझ्याशी नीट बोलायला लागायला पुढं बरेच महिने गेले.

हळ्ळीखेडला पोचलो तेव्हा दुपार होती. अप्पा ओसरीत बाजेवर बसले होते. मला बघून त्यांनी हात जोडायला घेतले. कोपरापर्यंत हात वर आले, पण मनगटं सरळ होईनात. आता डावंही गेलं होतं. दोन्ही तळवे खाली लोंबत राहिले आणि त्यांच्या पाठी एकमेकींना लागल्या. तशाच हातांनी ते म्हणाले, "शरणु, मास्तर. लई लांबून आलाव." महादेवीनं ताटलीत गूळ आणि तांब्यात पाणी आणून ठेवलं.

मी गुळाला हात लावला नाही.

"अप्पा, मशीन खोटी नाही," मी म्हटलं आणि कागद काढले. त्यांना ते धरता येईनात, म्हणून मी त्यांच्यासमोर धरले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण दर महिन्याला पगारपत्रकावर बघून माझं नाव त्यांना ओळखता यायचं.

"ह्याच्यावर तर तुमचं नाव हाय."

"नाव माझं आहे. रक्त तुमचं."

ते कागदाकडेच बघत राहिले. "आन माझ्या कागदात?"

"रक्त माझं. मी नळ्या बदलल्या होत्या."

"तिन्ही बारी?"

"तीनही."

महादेवी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती आत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं होतं अप्पा शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मी त्याच आशेवर गेलो होतो.

"मी तुमाला हिरडी दावलती," ते म्हणाले.

"हो."

"तुमी डाग मनलाव."

"हो."

"मी पान सोडलं."

त्यांनी मान वर केली, आणि त्यांना स्वतःबद्दल काही विचारायचं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं. "आन बाकीचे?" ते म्हणाले. "माझ्याकडं बगून बसलेले? जाफर यार्डातनं भट्टीकडं आला तवा मी त्याला मनलं, भिऊ नको, माझा कागूद बग, गूळ खा. त्येंचं काय?"

मी हातातल्या कागदांची घडी घातली.

"पेन हाय का? लिवा."

त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. ज्यांच्या हिरड्यांत त्यांना शेवटच्या वर्षात रेघ दिसली होती आणि स्वतःच्या कागदावर भरवसा ठेवून त्यांनी सोडून दिली होती, त्यांची नावं. भट्टीपाशी ज्या क्रमानं माणसं उभी राहायची त्या क्रमानं सांगत होते. नवव्या नावाला अडकले. आठवेना. डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून म्हणत आले, पुन्हा तिथंच अडकले. हे शिशाचंच काम होतं. मला ते नाव माहीत होतं, पण त्यांना ते स्वतः आठवू द्यावं असं मला वाटलं. तिसऱ्या खेपेला आठवलं. एकूण चौदा झाली.

"उद्या मी दवाखान्यात जातो," ते म्हणाले. "हे तुमचे कागूद घेऊन तुमी तितं यायचं. डॉक्टरीणबाईला सांगायचं. आन ही नावं सरकारी साहेबाकडं द्यायची. मी दिली मनू नका. तुमचं नाव सांगा."

मी ते सगळं केलं. सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना कागद दिले तेव्हा अप्पांना आत नेलेलं होतं, आमची भेट झाली नाही. नावांची चिठ्ठी माझ्या सहीनिशी कलबुर्गीच्या, कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात दिली. चौदाही जणांचं रक्त पुन्हा काढलं गेलं, जाफरसकट बरेच जण भट्टीवरून उतरले. माझी नोकरी गेली. आता मी बिदरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे आणि पोरांची हजेरी मांडतो. वडलांसारखा मास्तर शेवटी झालो म्हणायचं. अप्पांचा डावा हात थोडा सुधारला, उजवा नाही, असं महादेवीनं एकदा फोनवर सांगितलं. नंतर तिचा फोन आला नाही, आणि आपण होऊन करायला मला तोंड नाही. हे मी केलं म्हणून माझं ओझं उतरलं असं कुणी समजू नये. ते त्यांनी माझ्याकडून करून घेतलं.

मला अप्पा आठवतात ते त्या दुपारचे. नावं लिहून झाली होती. ताटलीतल्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या. मी कागद खिशात घालून उठलो आणि चपला पायात सरकवल्या.

"थांबा," ते म्हणाले. "हिकडं या."

मी त्यांच्यासमोर वाकलो. त्यांनी उजवा हात उचलला. तो माझ्या तोंडापर्यंत आला, पण मनगट खालीच लोंबत होतं, आणि अंगठा ओठाला लागायच्या ऐवजी हनुवटीला नुसता घासला गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झालं. मग मीच माझा खालचा ओठ धरला, खाली ओढला आणि त्यांच्यापुढं केला.

त्यांनी डोळे बारीक केले. मान तिरकी करून उजेड घेतला, आधी डावीकडची हिरडी बघितली, मग उजवीकडची, गेटावर आलेल्या नव्या माणसाची बघावी तशी सावकाश.

"साफ हाय," ते म्हणाले. "जावा आता."